मुंग्यांचें घरटें व आपला अधिकार

शेंदूरजनाघाट हें गांव वरूड तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं आहे. गांवाच्या चहूंकडे संत्र्यांच्या बागा असून, जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून तयार केलेलीं कलमें येथून दूरदूरच्या जिल्ह्यांत जातात. ज्यास शेत नाहीं त्याच्याहि दारीं एखादें संत्र्याचें, लिंबाचें किंवा पेरूचें झाड सांपडतें. झाड आलें म्हणजे मुंग्या आल्या, आणि मुंग्या आल्या म्हणजे घरच्या मंडळींत वाद उभा राहतो. कोणी म्हणतो, घरटें जाळून टाकावें. कोणी म्हणतो, मुक्या जिवास मारणें हें पाप. या वादाचा निर्णय करण्याचा आमचा एक प्रयत्न फसला. तो कसा फसला हें आज वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटतें. कारण ज्या चुकीमुळें तो फसला ती चूक आमच्या एकट्याची नसावी.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही त्या गांवीं राहत असतां आमच्या ओसरीपुढें एक संत्र्याचें झाड होतें. पावसाळा सरतांना त्याच्या पानांवर चिकट थर दिसूं लागला, आणि पुढें तीं पानें काजळी फासल्याप्रमाणें काळीं पडलीं. बागाईतदार जिला कोळशी म्हणतात तीच ही. त्याच सुमारास एका वाळक्या फांदीच्या पोकळींत बारीक काळ्या मुंग्यांनीं बिऱ्हाड केलेलें आढळलें. त्यांची रांग खोडावरून उतरे व ओसरी ओलांडून थेट चुलीपर्यंत जाई. पिठाच्या डब्यांत मुंग्या, मुलांच्या अंथरुणांत मुंग्या. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर शेजारचीं चार माणसें बसलीं असतां हा विषय निघाला. एक उपदेशक बंधु होते; त्यांनीं मनुष्यास सर्व प्राण्यांवर सत्ता दिली आहे असें सांगून संहाराच्या बाजूनें मत दिलें. शेजारच्या एका वृद्ध बाईच्या माहेरीं वारुळापाशीं पीठ-साखर घालण्याची रीत होती. ती म्हणाली कीं, जो कोणाच्या वाटेस जात नाहीं अशा जिवाचें घर मोडणाऱ्याचें घर सुखी राहत नाहीं. आम्हीहि मधला मार्ग काढीत पुष्कळ बोललों. अकरा वाजेपर्यंत वाद चालला, आणि अखेर फवारणी करावी असें ठरलें.

सकाळीं एका वयस्क मजुरास बोलाविलें. शेजाऱ्याकडे कपाशीवरचें औषध उरलें होतें, तें व पाठीवरचा पंप त्याच्या हवालीं केला. डब्यावर काय लिहिलें आहे हें आम्हीं वाचलें नाहीं. तो झाडाखालीं अनवाणी उभा राहून वर फवारा मारीत होता, आणि तोच फवारा थेंबाथेंबानें त्याच्या तोंडावर व उघड्या हातांवर परत येत होता. आम्ही ओसरीवरून पाहत होतों. दोन प्रहरच्या आंत त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें, अंगास घाम सुटला व वांत्या सुरू झाल्या. त्यास दवाखान्यांत न्यावें लागलें. दोन दिवसांनीं तो घरीं आला, आणि चौथ्या दिवशीं मजुरी मागावयास आमच्या दारीं उभा राहिला.

पैसे घेण्यापूर्वीं त्यानें वर झाडाकडे पाहिलें. एक पान तोडून उलटें केलें व आमच्यापुढें धरिलें. पानाच्या पाठीवर काळ्या खवल्यांसारखीं बारीक टिकल्यांची दाटी होती, आणि कोंवळ्या डिरीवर पांढरे पिठ्या ढेकूण चिकटले होते. तो म्हणाला, "मुंग्या काहून मारल्या जी? थ्या तं ढेकणायच्या राखनदार. ढेकणं तं तशेच हायेत."

"बाबा, हें तुम्हांस ठाऊक होतें, तर आधीं कां सांगितलें नाहीं?" असें आम्हीं विचारिलें.

"तुमी इचारलंच नाई."

या उत्तरास आमच्यापाशीं प्रत्युत्तर नव्हतें, आणि अद्यापहि नाहीं. त्या रात्रीं आम्हीं तीन तास मुंगीच्या जिवाचें मोल ठरविण्यांत घालविले. इतक्या वेळांत काळें पडलेलें पान उलटून पाहण्याचें कोणास सुचलें नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं पंप कोणाच्या पाठीवर चढणार याचा तर एका शब्दानेंहि उच्चार झाला नाहीं. पापपुण्याचा विचार करणाऱ्या माणसांच्या हातून हें घडलें, म्हणून तें अधिक बोंचतें. पुढें झाडाचेंहि बरें झालें नाहीं. विषानें मुंग्यांबरोबर ढेकूण व मावा खाणारे ठिपक्यांचे ढालकिडेहि मेले. महिन्याच्या आंत मुंग्या दुसऱ्या फांदीवर परत आल्या, आणि ढेकूण पूर्वींपेक्षां वाढले.

तेव्हांपासून कोणी मुंग्यांविषयीं विचारिलें म्हणजे आम्ही प्रथम एकच विनंति करितों: घटकाभर झाडाखालीं बसून पाहा. मुंगी म्हणून एकच जात नाहीं. आपल्याकडील मोठा काळा मुंगळा, ज्यास कोठें डोंगळाहि म्हणतात, तो झाडावर दिसला तरी त्याचें घर बहुधा खालीं मुळांजवळच्या मातींत असतें. तो वर जातो तो गोड रसासाठीं. म्हणून त्याच्यासाठीं फांद्या तोडणें व्यर्थ होय. दुसरी ती बारीक काळी किंवा तपकिरी मुंगी, जी डिवचली असतां आपला मागचा भाग विंचवाप्रमाणें डोक्यावर उचलते. हा भाग वरून पाहिला तर बदामाच्या आकाराचा दिसतो. आमच्या झाडावरची हीच. ती वाळक्या लाकडाच्या पोकळींत राहते, आणि हिच्याच कांहीं जाती सह्याद्रीच्या रानांत झाडाचा चोथा चावून कागदासारखे मोठे गोळे फांद्यांवर बांधितात. एक तांबूस सुतारपक्षी त्या गोळ्यांतच बीळ करून आपलीं अंडीं घालितो. मुंग्यांच्या घरांत पक्ष्याचें बाळंतपण! सृष्टींतले शेजार कांहीं वेळां आपल्या शेजारांहून चमत्कारिक असतात.

तिसरी मात्र जपून ओळखावी. ही लांबट व सडपातळ असून दुरंगी असते. डोकें व मागचा भाग काळा, मधला तांबडा. ती जिवंत झाडाच्या वाळलेल्या भागांत भोंक करून राहते व एकेकटी खोडावर हिंडतांना दिसते. तिला खरी नांगी आहे. तिचा डंख गांधीलमाशीसारखा झोंबतो, आणि क्वचित् एखाद्या माणसाच्या अंगावर गांधी उठून श्वास कोंडतो. अशा वेळीं घरगुती उपाय करीत न बसतां दवाखान्याची वाट धरावी. जेथें मुलें खेळतात किंवा पाळणा टांगलेला असतो त्या झाडावर ही मुंगी असेल, तर ती फांदी काढून टाकण्याविषयीं आमच्या मनांत मुळींच संशय नाहीं. चौथी, पानें शिवून घर करणारी तांबडी मुंगी, कोंकणांत व चंद्रपूर-गडचिरोलीकडील रानांत पुष्कळ आढळते. मोठ्या मुंग्या पानें ओढून धरितात, आणि दुसऱ्या आपल्या अळ्यांस तोंडांत धरून त्यांच्या रेशमानें तीं पानें जोडितात. बस्तराकडे या मुंग्यांची चटणी करितात. ओडिशांतील मयूरभंज येथील अशाच चटणीस २०२४ सालीं सरकारी भौगोलिक मानांकनहि मिळालें. ज्या प्राण्याच्या नांवानें एका घरीं किंकाळी उठते तो दुसऱ्या घरीं ताटांत वाढला जातो.

आणि वाळवी ही मुंगी नव्हे. खोडावर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या व त्या फोडल्यावर आंत पांढुरके, कमरेवांचूनचे किडे निघाले, तर ती वाळवी. तिचा नातलग झुरळ आहे, मुंगी नाहीं. ती लाकूड खाते. मुंगी लाकूड खात नाहीं, आधींच कुजलेली पोकळी मिळाली तर तींत राहते. पुष्कळ निरपराध मुंग्या वाळवीच्या नांवावर मारल्या जातात.

आतां राखणदारीविषयीं. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड व काळी माशी हे किडे झाडाचा रस शोषतात. त्या रसांत साखर पुष्कळ असते. ती सगळी त्यांस पचत नाहीं, म्हणून ती चिकट थेंबांच्या रूपानें बाहेर टाकिली जाते. हाच तो चिकटा. पानावर चिकटा सांचला कीं त्यावर काळी बुरशी वाढते; हीच कोळशी. संत्र्याच्या बागेंत ती विशेषतः काळ्या माशीमुळें पसरते. मुंग्यांस हा चिकटा फार प्रिय, आणि त्यासाठीं त्या मावा व ढेकूण यांचे कळप गुराख्याप्रमाणें सांभाळतात व ढालकिडा आला तर त्यास हांकून देतात. तेव्हां मुंगी ही पुष्कळदां रोगाचें मूळ नसून रोगाकडे बोट दाखविणारी असते. रांग जेथें जाऊन थांबते तेथें पाहिलें असतां झाडाचें खरें दुखणें सांपडतें.

परंतु या गोष्टीची दुसरी बाजूहि आहे, आणि संत्रें पिकविणाऱ्या गांवास ती माहीत असावी. चीनच्या दक्षिण भागांत संत्र्याच्याच जातीचीं फळें फार प्राचीन काळापासून होतात. जी हान या ग्रंथकाराच्या नांवावर असलेल्या, सन ३०४ च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या एका ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, तेथील लोक तांबड्या मुंग्यांचीं घरटीं पिशव्यांत भरून बाजारांत विकीत, आणि तीं संत्र्यांच्या झाडांवर टांगीत. तसें न केल्यास फळांस कीड लागे. पुढें मुंग्यांस या झाडावरून त्या झाडावर जातां यावें म्हणून ते बांबूचे पूल बांधूं लागले. किडीनें कीड मारण्याचा, लिहून ठेविलेला, हा जगांतील सर्वांत जुना दाखला समजला जातो. म्हणजे जें घरटें आम्हीं विष घालून नाहींसें केलें, त्याच्यासारखें घरटें एक बागाईतदार पैसे मोजून घरीं नेत होता. मुंगी चांगली कीं वाईट, असा प्रश्न विचारला तर त्याचें उत्तर नाहीं. कोणती मुंगी, कोणत्या झाडावर, कोणत्या किडीच्या संगतीनें, असें विचारिलें म्हणजे उत्तर मिळूं लागतें.

मग त्या रात्रींच्या वादाचें काय? उपदेशक बंधूंनीं सत्तेचें वचन काढिलें तें खरें आहे. परंतु त्याच पुस्तकांत पुढें मनुष्यास बागेंत ठेविलें तें तिची मशागत व राखण करण्यासाठीं, हेंहि आहे. नीतिसूत्रांत तर मुंगीचा उल्लेख दोन ठिकाणीं येतो, आणि दोन्ही ठिकाणीं ती शिकविणारी आहे. ज्या गुरूचें नांव घ्यावयाचें त्याचें घर निदान पाहिल्यावांचून जाळूं नये, इतकें तरी त्यांतून निघतें. उलट, शेजारच्या बाईंची रीत ऐकून आमच्यांतील कांहीं मंडळी हांसली. त्या हंसण्याची आम्हांस आज लाज वाटते. वारुळापाशीं पीठ घालणाऱ्या बाईस निदान वारूळ कोठें आहे हें ठाऊक असतें.

तथापि मुळींच मारूं नये, हें मत आम्ही स्वीकारूं शकत नाहीं. बाळाच्या पाळण्यावर दुरंगी मुंगी येत असतां जो हात आखडतो, त्याच्या दयेची किंमत त्या बाळास द्यावी लागते. आफ्रिकेंतील गाबोन देशांत लांबारेने येथें १९१३ सालीं दवाखाना घालणारे डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर यांनीं जीवमात्राविषयीं पूज्यभाव हाच नीतीचा पाया मानिला. त्यांनींहि मारणें अजिबात टळतें असें म्हटलें नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, गाईंच्या वैरणीसाठीं कुरणांतलीं हजारों फुलें कापणाऱ्या शेतकऱ्यानें घरीं परततांना रस्त्याच्या कडेचें एक फूलहि उगाच खुडूं नये. कारण पहिल्यांत गरज आहे, दुसऱ्यांत नाहीं. ही गरज कोठें आहे व कोठें नाहीं हें मात्र ज्यानें त्यानें प्रत्येक प्रसंगीं ठरवावयाचें. आम्हांस त्यांत एवढेंच जोडावयाचें आहे कीं, गरज ओसरीवर बसून ठरत नाहीं; त्यासाठीं उठून झाडापाशीं जावें लागतें.

झाडापाशीं गेल्यावर काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. बहार धरण्यापूर्वीं संत्र्याचा सल काढावा, म्हणजे वाळक्या फांद्या छाटाव्या. पोकळ्या गेल्या कीं त्यांत राहणाऱ्या मुंग्यांचें घर आपोआप हलतें. कापलेल्या जागीं बोर्डो मलम लावावा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी हें त्याचें प्रमाण बागाईतदारांस पाठच असतें. छपरास, भिंतीस किंवा तारेस टेकणारी प्रत्येक फांदी तोडावी. खोडाभोंवतीं चार बोटें रुंद कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस चोपडावें. सालीवर थेट ग्रीस लावूं नये, तिला इजा होते. मुंग्यांची वाट तुटली कीं ढालकिड्यांस मोकळीक मिळते, आणि ढेकणांचा समाचार तेच घेतात. पानांवर आधीं नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहावा. तेवढ्यानें भागलें नाहीं तर निंबोळीचा अर्क: अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यांत भिजवावी, फडक्यानें गाळून त्याचें १० लिटर पाणी करावें व सायंकाळीं फवारावें. घरांत येणाऱ्या रांगेसाठीं साखरेच्या पाण्यांत शंभरांस एक या प्रमाणांत बोरिक पावडर कालवून वाटेवर ठेवावी. मुंग्या ती घरट्यांत नेतात. प्रमाण वाढविलें तर वाटेंतच मरतात व घरट्यास कांहीं होत नाहीं. ही वाटी मुलांच्या व गुरांच्या हातातोंडास लागूं देऊं नये. उकळतें पाणी व पलिता यांनीं मुंगीपूर्वीं झाड मरतें.

आणि एवढें करूनहि विषाचीच वेळ आली, तर डबा हातांत घेऊन वाचावा. ज्यास वाचतां येत नाहीं त्यासहि एक खूण पाहतां येते. डब्यावर एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. तांबडा असेल तर तें अत्यंत विषारी, पिवळा त्याहून कमी, निळा त्याहून कमी, हिरवा सर्वांत सौम्य. कपाशीचें औषध दारच्या फळझाडावर कदापि नको. आणि पंप ज्याच्या पाठीवर द्यावयाचा त्याच्या हातांत मोजे, तोंडावर फडकें, अंगांत पुऱ्या बाह्यांचा सदरा व पायांत जोडा आहे कीं नाहीं, हें पाहणें हें काम सांगणाऱ्याचें आहे, करणाऱ्याचें नव्हे. करणाऱ्यास त्या दिवसाच्या मजुरीची गरज असते, तो नाहीं म्हणत नाहीं. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ च्या पावसाळ्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्यांतील पुष्कळजण दुसऱ्याच्या शेतांत रोजानें राबत होते. आमच्या झाडाखालीं उभा राहिलेला मनुष्य वांचला, यांत आमच्या शहाणपणाचा कांहींएक वांटा नव्हता.

त्या चौथ्या दिवशीं आम्हीं त्यास आजारपणाच्या दिवसांची मजुरी देऊं केली. त्यानें ती घेतली. आढेवेढे घेतले नाहींत, आणि उपकारहि मानले नाहींत. तें योग्यच होतें. पुढल्या हंगामांत आम्हीं सल काढविला तो त्याच्याच हातून, आणि या खेपेस आधीं विचारून. दुरंगी मुंगी आमच्या झाडावर नाहीं, हें त्यानेंच पाहून सांगितलें. वरच्या एका फांदीवर मुंग्यांचें बिऱ्हाड राहिलें होतें. तें राहूं द्यावें कीं काय, असें विचारिलें असतां तो म्हणाला कीं, खालची वाट तोडली तर वरच्यांचा त्रास नाहीं. पट्टी आम्हीं स्वतः बांधिली. आठ दिवसांनीं पाहतों तों रांग पुन्हां ओसरीवर. त्यास बोलाविलें. त्यानें खोडाकडे एकदां पाहिलें, खालीं बसला, आणि पट्टीवर टेकलेली गवताची एक काडी बोटानें हलवून दाखविली. तिच्यावरून मुंग्या चढत होत्या.

"थे गवत उपटा आंधी," तो म्हणाला, आणि आम्ही गवत उपटावयास बसलों.